बंद कारखान्यामागची पट्टी आणि चालायची वाट: खणू नका, वर चढवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत रबाळे-घणसोलीच्या बाजूला, एमआयडीसीच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे नाल्याच्या काठाने साधारण १ किलोमीटर लांब आणि १२ ते २५ मीटर रुंद अशी पट्टी ओसाड पडली आहे. वरून २२० केव्हीची लाइन जाते, सुबाभूळ माजली आहे, रात्री डंपर येऊन राडारोडा ओततात. जवळच्या सोसायट्या आणि गावठाणातली मंडळी मिळून तिथे चालायची वाट करू पाहताहेत. बेत असा की जेसीबी लावून सगळं सपाट करायचं, मग लाल माती टाकून झाडं लावायची आणि पेव्हर ब्लॉक बसवायचे. हे बरोबर आहे का, आणि माप किती धरायचं?

जेसीबी तूर्त थांबवा. बेतातली सगळ्यात महागात पडणारी चूक तीच आहे. कारखान्याच्या मागच्या जमिनीत काय पुरलं आहे ते वरून दिसत नाही: जुने पाये, झाकण गेलेल्या टाक्या, तुटकी गटारं, आम्लाचे खड्डे, वापरात असलेली पाण्याची किंवा गॅसची लाइन. वर्षानुवर्षं दबून बसलेली माती उकरली की आतलं द्रव्य धुळीतून माणसांच्या नाकात आणि पावसातून नाल्यात जातं. शिवाय उकरलेली माती एकदा डंपरमध्ये चढली की ती कचरा ठरते, आणि तिची विल्हेवाट कशी लावली याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. म्हणून अशा जागेवर धोरण एकच: खणायचं कमीत कमी, चढवायचं जास्त. वाट, बाकं, झाडांचे वाफे, दिवे हे सगळं आहे त्या जमिनीवर चढवून बांधता येतं. मात्र चढवल्याने दोन गोष्टी बिघडू शकतात, पाणी आणि वरची वीज. त्यांच्याकडे खाली येतोच.

पहिलं काम: डंपर बंद करणं

झाडं, फलक, उद्घाटन हे सगळं नंतर. पट्टी साफ दिसू लागली की राडारोडा टाकणाऱ्याला ती आणखी सोयीची होते, कारण गाडी आता आतपर्यंत जाते. अर्धवट साफ केलेली जागा आठवड्याभरात पुन्हा भरलेली दिसली तर नवल नाही. चर खणून रस्ता तोडायचा मोह होतो, तोही नको, कारण पुन्हा खणणंच आलं. खाणीतले मोठे दगड आणून ठेवा. प्रत्येकी निदान अर्धा घनमीटर, म्हणजे बसॉल्टचा सुमारे सव्वा ते दीड टन. दोन दगडांत ९० सेंमी ते १ मीटर मोकळी जागा ठेवा. माणूस आणि व्हीलचेअर जाते, डंपर आणि टेम्पो अडतात. दुचाकी जाते, त्याबद्दल पुढे.

एका तोंडाला ४ मीटरचं कुलपाचं फाटक ठेवावंच लागेल, कारण दरवर्षी एप्रिल-मेमध्ये नालेसफाईचं पोकलेन तिथूनच येणार आहे. याचा विसर पडला की दोन घोटाळे होतात. एकतर यंत्राला जागा नाही म्हणून नवी वाट तुडवली जाते. दुसरं, नाल्यातला गाळ काठावर वाळत टाकायची पद्धत असल्याने तो तुमच्या वाटेवरच येऊन पडतो. औद्योगिक नाल्यातला गाळ म्हणजे साधा चिखल नव्हे. वाट नाल्याच्या कडेपासून निदान ४ मीटर आत घ्या. काठाचा तो पट्टा यंत्रासाठी मोकळा ठेवा, आणि गाळ त्याच दिवशी उचलायचा ही अट नालेसफाईच्या कामात घालून घ्यायचं पत्र जानेवारीतच द्या. एप्रिलपर्यंत निविदा निघून गेलेल्या असतात.

कागद

यात फार रेंगाळत नाही, पण क्रम महत्त्वाचा. टीटीसीत जमीन एमआयडीसीची आणि भूखंड भाडेपट्ट्यावर, सहसा ९५ वर्षांच्या. कारखाना बंद पडला म्हणजे पट्टा संपला असं होत नाही. तेव्हा पट्टी त्या भूखंडात मोडते, एमआयडीसीच्या आराखड्यातली मोकळी जागा आहे, की नाल्याची हद्द आहे, हे आधी मोजणीने ठरवा. बहुतेक वेळा ती तिन्हींत थोडीथोडी असते आणि कुंपणाची भिंत हद्दीवर नसतेच. रस्ते, गटारं, उद्यानं महापालिकेकडे आणि जमीन एमआयडीसीकडे अशी वाटणी असल्याने एकाचीच परवानगी घेऊन काम सुरू करू नका. दोघांना आणि वरची वीजवाहिनी सांभाळणाऱ्या पारेषण कंपनीला एकाच नकाशावर सह्या करायला बसवा. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला काम असेल तरी पद्धत हीच. पट्टी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला, भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे असेल, तर सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) आणि खारफुटी हे वेगळंच प्रकरण आहे. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात हात घालण्याआधी लेखी परवानगी हवी, श्रमदानालाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा येणार असेल तर एक बारकावा. त्या पैशातून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ती सार्वजनिक संस्थेकडे किंवा सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत संस्थेकडे जावी लागते. म्हणून फाटक, दिवे, बाकं पहिल्या दिवसापासून महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या नावाने धरा. वीजबिल कोण भरणार आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, या दोन ओळी करारात नसतील तर सही करू नका.

माती: आधी फाइल, मग फावडं

मातीची तपासणी म्हणजे चार पिशव्या भरून प्रयोगशाळेत देणं नव्हे. काय शोधायचं ते ठाऊक नसेल तर अहवाल स्वच्छ येतो आणि जमीन तशीच राहते. माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून त्या कारखान्याची संमतीपत्रं मागा. त्यात उत्पादन काय होतं, धोकादायक कचरा कोणत्या प्रकारचा आणि वर्षाला किती, हे लिहिलेलं असतं. धोकादायक कचऱ्याचं वार्षिक विवरण (नमुना ४) आणि पर्यावरण विवरणपत्र (नमुना ५) हेही मागा. मुलामा देणारा कारखाना असेल तर क्रोमियम, निकेल, कॅडमियम. रंग-रसायन असेल तर शिसं आणि सॉल्व्हंट. इंजिनिअरिंगचा असेल तर तेल. जुना ट्रान्सफॉर्मर यार्ड असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी (टिकून राहणारं विषारी रसायन). चाचण्यांची यादी या फाइलवरून ठरते. गेटवर वीस-वीस वर्षं चहा देणाऱ्या टपरीवाल्यालाही विचारा. पिंपं कुठे ठेवायचे आणि वास कुठून यायचा, हे फाइलमध्ये नसतं.

मग पट्टीवरून दोनदा चाला. एकदा पावसात, एकदा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात. विटांवर आणि प्लास्टरवर पांढरा फुलोरा आला असेल तर ते बहुधा साधे क्षार. पण फुलोरा पिवळा किंवा पिवळट हिरवा असेल, डबक्याच्या कडेला तशीच रेघ उमटली असेल, तर सहा-संयुजी क्रोमियमचा (क्रोमियमचं विषारी रूप) संशय घ्या आणि तिथे कोणाला जाऊ देऊ नका. डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडी घालून बघा. तवंगाच्या काचेसारख्या खपल्या होऊन त्या तुटक्याच राहिल्या तर तो लोहजीवाणूंचा, निरुपद्रवी. काडी फिरवल्यावर तवंग पुन्हा सरकून एक झाला तर तेल आहे.

नमुन्यांची संख्या: १ किलोमीटरचे ५० मीटरचे २० तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यातून पाच ठिकाणची वरच्या १५ सेंमीतली माती घेऊन, एकत्र कालवून एक नमुना. असे २०. याशिवाय संशयाच्या जागा, म्हणजे पिंपांची जागा, गटाराचं तोंड, राखेचा ढीग, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, इथले १० नमुने वेगळे. हे दुसऱ्या मातीत कालवायचे नाहीत, नाहीतर विष पातळ होऊन अहवालातून गायब होतं. २ नमुने दुबार, प्रयोगशाळेची परीक्षा म्हणून. २ नमुने पारसिकच्या डोंगराकडच्या, कधी कारखाना न झालेल्या जागेचे. एकूण ३४. तेलाचे नमुने काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून, बर्फाच्या पेटीत. प्लास्टिकच्या पिशवीत नाही. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) भाड्याने मिळालं तर धातूंची पहिली चाळणी एका दिवसात होते, पण ओल्या मातीत त्याचं वाचन चुकतं आणि तेल व सहा-संयुजी क्रोमियम त्याला कळत नाही. म्हणून नोव्हेंबरनंतर, कोरड्यात.

डोंगराकडचे ते दोन नमुने का, हे समजून घ्या, कारण इथे भलेभले घाबरतात. पहिल्या चाळणीसाठी आपल्याकडे कॅनडाची मानकं सर्रास वापरली जातात. उद्यानाच्या जमिनीसाठी त्यात दर किलो मातीला शिसं १४० मिलिग्रॅम, आर्सेनिक १२, कॅडमियम १०, पारा ६.६, सहा-संयुजी क्रोमियम ०.४ अशा मर्यादा आहेत. या आकड्यांवरून निर्णय घ्यायला हरकत नाही. पण त्याच तक्त्यात एकूण क्रोमियम ६४, तांबं ६३ आणि निकेल ४५ आहे, आणि आपली माती काळ्या बसॉल्टची. बसॉल्टमध्ये हे तिन्ही धातू मुळातच भरपूर असतात, त्यामुळे डोंगरावरच्या स्वच्छ मातीतही हे आकडे ओलांडलेले सापडू शकतात. पट्टीवरचं तांबं ११० आणि डोंगराकडचंही १०५ असेल तर तो कारखान्याचा दोष नाही. पट्टीवर ११० आणि गटाराच्या तोंडाशी ९०० असेल तर आहे.

शिसं, पारा, सहा-संयुजी क्रोमियम, तेल यांत मोठी ओलांडणी निघाली तर स्वतःहून माती टाकून झाकायला जाऊ नका. दूषित जागांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम काढले आहेत. संशयित जागा राज्य मंडळाला कळवायची, तपासणी आणि जबाबदारी ठरवायची प्रक्रिया त्यात आहे. गुपचूप झाकलं तर मूळ प्रदूषण करणारा सुटतो आणि झाकणारा अडकतो. तेवढा तुकडा कुंपण घालून बाजूला काढा, वाट वळवा, उरलेल्या लांबीचं काम चालू ठेवा.

सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे राडारोड्यात हमखास सापडतात, आणि त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडायचे नाहीत, घासायचे नाहीत, कोरडे उचलायचे नाहीत. पाण्याने भिजवून, अख्खे उचलून, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून तळोजासारख्या अधिकृत सुविधेकडे, वाहतूक-पावतीसह. अहवाल हाती येईपर्यंत मुलांना घेऊन श्रमदान नको. मोठ्यांनीही झाडू मारायचा तर आधी पाणी शिंपडून. अशा जागेवर माणसाच्या पोटात विष जातं ते मुख्यतः धुळीतून आणि न धुतलेल्या हातांतून. आणि काठीने आपटल्याशिवाय राडारोड्यात हात घालायचा नाही, घोणस तिथेच बसते.

पाणी: वाट म्हणजे बांध होऊ देऊ नका

पारसिकच्या डोंगराचं पाणी कारखान्यांच्या मधून उतरत खाडीकडे जातं. तुमची वाट त्या उताराला आडवी आहे. २०-२५ सेंमी चढवलेली एक किलोमीटरची वाट म्हणजे एक किलोमीटरचा बांध. पाणी तिच्या आणि कारखान्याच्या भिंतीच्या मध्ये साचतं, भिंतीचा पाया भिजतो आणि जुलैतल्या एखाद्या रात्री भिंत वाटेवर येते. जुन्या कुंपणभिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट लांब राहा: ३ मीटर भिंत असेल तर साडेचार मीटर. नाल्याकडून ४ मीटर आणि भिंतीकडून साडेचार, म्हणजे १२ मीटरच्या चिंचोळ्या भागात वाटेला जेमतेम साडेतीन मीटर उरतात. ते पुरतात. न पुरल्यास आधी भिंत दुरुस्त होईल, मग वाट.

पावसात चालाल तेव्हा भिंतीतून जिथे जिथे पाणी बाहेर येतं तिथे ऑइलपेंटने खूण करा. चुन्याची खूण धुऊन जाते. प्रत्येक खुणेसमोर वाटेला पाणी ओलांडून द्यायची सोय हवी. बहुतेकांना आधी पाइप आठवतो, पण छोट्या प्रवाहाला पाइप वाईट. ३०० मिमीचा ह्यूम पाइप गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोलने पहिल्याच पावसात बंद होतो, आणि त्यावर ३० सेंमी भर घालायची तर वाट अर्ध्या मीटरहून उंच जाते. त्याऐवजी उथळ फरशी करा: ३ मीटर लांबीत मध्यभागी ८ सेंमी खोल, दगड सिमेंटमध्ये बसवलेले, खालच्या अंगाला मीटरभर सुटे दगड अंथरलेले. उतार साधारण १:२० पडतो, व्हीलचेअर निघते, पाणी वरून वाहतं आणि तुंबायला काही उरत नाही. मोठ्या गटाराच्या तोंडाशी मात्र पाइपच, ४५० मिमीपेक्षा लहान नको, आणि दोन्ही बाजूंनी १:२० चे चढ.

वाटेला आडवा उतार २ टक्के, नाल्याच्या बाजूला. २.४ मीटर रुंदीला तो ५ सेंमी होतो. मिस्त्रीला टक्के सांगू नका. २.४ मीटरची सरळ पट्टी द्या, तिच्या नाल्याकडच्या टोकाखाली ५ सेंमीचा लाकडी ठोकळा खिळ्याने ठोका, वर लेव्हलची नळी ठेवा. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. दर पाच मीटरवर एकदा. एवढं केलं तर पहिल्या पावसात डबकं दिसणार नाही. न केल्यास मिस्त्री डोळ्याने सपाट करतो, आणि सपाट वाट म्हणजे डासांची पैदास.

थर आणि माप

रुंदी २.४ मीटर घ्या. दोन माणसं समोरासमोर आणि एक व्हीलचेअर सहज जाते. खालून वर असा क्रम. झाडोरा जमिनीलगत कापा, मुळं उपटू नका. वर निघालेल्या सळया कापा. उघड्या टाक्या आणि खड्डे दगडाने भरून त्यांचं ठिकाण नकाशावर मांडा. एक-दीड टनाचा बेबी रोलर फिरवा. मोठा रोलर नको, खाली कोणाची जुनी लाइन आहे हे माहीत नसतं. रोलर पुढे गेल्यावर जमीन गादीसारखी दबून पुन्हा वर येत असेल तर खाली ओला भराव आहे. तेवढ्याच भागात १५ सेंमी खांडक्यांचं सोलिंग अंथरा. इतरत्र लागत नाही.

त्यावर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं कापड, ३ मीटर रुंद, जोडाला ३० सेंमी चढवून. ते टाळून पैसे वाचवू नका. खालची माती आणि वरची खडी एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. शिवाय दहा वर्षांनी कोणी खणलं तर कापड दिसताच त्याला कळतं की याखाली जुनी जमीन आहे. मग १५ सेंमी जाडीचं, ४० मिमीपेक्षा लहान खडी आणि मुरूम यांचं मिश्रण, दोन थरांत, पाणी मारून दाबलेलं. सगळ्यात वर ६ सेंमी क्रशरची डस्ट (दगडाची बारीक पूड) आणि ६-१० मिमी ग्रीट.

१ किलोमीटरचा हिशोब: खालचा थर दोन्हीकडे २० सेंमी जास्त, म्हणजे २.८ मीटर रुंद. १००० × २.८ × ०.१५ = ४२० घनमीटर दाबलेला. सुटा माल सव्वापट, ५२५ घनमीटर, ब्रासमध्ये (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर) सुमारे १८५. वरचा थर १००० × २.४ × ०.०६ = १४४, सुटा १८० घनमीटर, सुमारे ६४ ब्रास. दोन्ही मिळून २५० ब्रास, म्हणजे ५ ब्रासच्या गाडीच्या ५० खेपा. कापड सुमारे ३,३०० चौरस मीटर. दर बाजारातून न घेता सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चालू दरसूचीतून काढा, कारण मंजुरी त्याच दराने मिळते. सगळी पट्टी लाल मातीने झाकायच्या बेताचंही माप बघा: सरासरी १८ मीटर रुंदीवर ४५ सेंमी भर म्हणजे ८,१०० घनमीटर, २,८६० ब्रास, ५७० हून जास्त खेपा. म्हणून झाकायचं ते वाट, बाकांभोवतालची जागा आणि अहवालात मध्यम आकडे आलेले तुकडे एवढंच. बाकीच्या भागात माणूस उतरणार नाही इतकं दाट झुडूप वाढू द्या.

माल घेताना प्रत्येक खेपेची गौण खनिजाची रॉयल्टी पावती मागा. "फुकट माती देतो" असं सांगत येणाऱ्याला परत पाठवा. दुसऱ्या कोणाच्या जागेतलं खणलेलं नको असलेलं तुमच्याकडे येत असतं.

पेव्हर ब्लॉकबद्दल: सगळ्या लांबीवर नकोत. भराव वर्षभर बसत राहतो आणि ब्लॉकची वाट लाटांसारखी होते. सावलीत त्यावर शेवाळ धरतं, आणि ज्येष्ठ मंडळी पडतात ती तिथेच. प्रवेशापाशी १५-२० मीटर आणि ४ टक्क्यांहून जास्त चढावर, जिथे डस्ट वाहून जाते, तेवढ्यातच ते शोभतात.

वरची लाइन

२२० केव्हीच्या मार्गाची रुंदी ३५ मीटर धरतात, म्हणजे तुमची पट्टी जवळजवळ पूर्ण तिच्याखाली असू शकते. तारेपासून जमिनीपर्यंत निदान ७ मीटर अंतर राहायला हवं, आणि तार उन्हाळ्यात दुपारी सगळ्यात खाली झोळलेली असते. तुम्ही जमीन चढवता तेव्हा हे अंतर कमी होतं. ४५० च्या पाइपावरचा उंचवटा तारेच्या झोळाखाली आणू नका. माप पारेषण कंपनीच्या माणसाकडूनच घ्या, काठीने किंवा टेपने कधीच नाही.

याहून मोठा धोका बांधकामातला आहे. डंपरने हौदा उचलला की त्याचं टोक ६-७ मीटरवर जातं. तारेला चिकटायची गरज नसते, जवळ गेलं तरी वीज झेपावते. माल लाइनच्या बाहेर एका जागी उतरवा आणि आत लहान टिपरने किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीने वाहा. मुकादमाला हे तोंडी सांगून भागत नाही. लाइनच्या दोन्ही कडांना साडेचार मीटर उंचीवर आडवी दोरी आणि झेंडे बांधा. लोखंडी जाळीचं कुंपण लाइनखाली येत असेल तर ठरावीक अंतरावर अर्थिंग हवंच, नाहीतर हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि "वाटेत करंट येतो" अशी बातमी पसरते.

झाडं

लाइनखाली झाड नाही, झुडूप: निगडी, अडुळसा, धायटी, मुरुडशेंग. लाइनच्या बाहेर करंज, भेंड, ताम्हण, बहावा, पांगारा. गुलमोहोर आणि सोनमोहोर भरावावर उथळ मुळं पसरवतात आणि वाऱ्यात आडवे होतात. सुबाभूळ एकदम तोडू नका. सध्याची सावली आणि मातीला धरून ठेवणारी मुळं तिचीच आहेत. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन तीन वर्षांत तिसरा-तिसरा हिस्सा, तेही शेंगा पिकायच्या आधी. नवी झाडं खड्ड्यात नव्हे, ६० सेंमी उंच दगडी कडा बांधलेल्या चढत्या वाफ्यात लावा. जूनअखेरीस, पहिला पाऊस मुरल्यावर. मग दोन उन्हाळे दर दोन दिवसांनी झाडाला १५-२० लिटर पाणी. महापालिकेचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी टँकरने मिळू शकतं, त्याचा अर्ज लावणीआधीच टाका.

खाण्याजोगं काही लावू नका: शेवगा नको, जांभूळ नको, अळू तर मुळीच नको. आणि न लावताही उगवणारं एक आहेच. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत राडारोड्यावर टाकळा दाट उठतो, आणि पिशव्या घेऊन बायका खुडायला येतात. तो पुढे बाजारात जुडीने विकला जातो, घरी डाळ घालून शिजतो. अशा मातीतला टाकळा पोटात जाता कामा नये. "भाजी खुडू नये" असा फलक लावून कोणी थांबत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंचा टाकळा जूनमध्येच, कोवळा असताना, कापून टाकायला माणूस लावा आणि गावठाणातल्या बायकांना कारण समजावून सांगा. त्यांना कळलं की बाकी कोणाला सांगायची गरज उरत नाही.

माणसं

आजही त्या पट्टीवर एक पायवाट असेलच. स्टेशनवरून उतरून पाळीला जाणारे कामगार ती वापरतात. नकाशा काढताना तिच्यावरूनच रेघ ओढा. सकाळचे फिरणारे तासभर येतात, कामगार दिवसातून दोनदा, आणि वाट जागती ठेवतात ती तीच माणसं. त्यांना फाटकाच्या वेळा लावून बाहेर ठेवलंत तर दुपारी वाट निर्मनुष्य होईल आणि बायका येणं सोडतील. दर २००-२५० मीटरला बाहेर पडायची जागा हवी. वाटेच्या दोन्हीकडे २ मीटरपर्यंत झुडूप ६० सेंमीपेक्षा उंच नको, आणि फांद्या २.४ मीटरच्या वर.

दुचाकी पूर्ण थांबवता येत नाही. जी फट व्हीलचेअरला पुरते ती स्कूटरलाही पुरते. प्रवेशाशी दीड-दीड मीटर अंतरावर दोन आडवे कठडे एकाआड एक ठेवले की वळून जावं लागतं. व्हीलचेअर सावकाश निघते, दुचाकीस्वाराला रोजचा शॉर्टकट म्हणून ते परवडत नाही. दिवे ४ मीटरच्या खांबावर, पिवळसर उजेडाचे, तयार सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे. सौरदिव्याची बॅटरी खांबाच्या पायथ्याशी असेल तर महिन्यात चोरीला जाते, ती वर दिव्यातच हवी. लाइनखाली खांब उभा करायचा तर पारेषणची वेगळी परवानगी. कचरापेट्या फक्त प्रवेशापाशी ठेवा, जिथे घंटागाडी पोचते.

वेळापत्रक

नोव्हेंबरमध्ये मोजणी आणि मातीचे नमुने, डिसेंबरअखेर अहवाल. जानेवारीत दगड लावून तोंडं बंद आणि नालेसफाईचं पत्र. फेब्रुवारीत झाडोरा, पत्रे, राडारोडा. मार्च-एप्रिलमध्ये फरशा, कापड, खालचा थर. २० मेच्या आत सगळं दाबून पूर्ण, आणि इथेच थांबा. वरचा डस्टचा थर त्या वर्षी घालू नका. लोक खडीवरूनही चालतील, थोडी कुरकुर करतील. पण एक अख्खा पावसाळा गेला की भराव कुठे बसला, पाणी कुठे अडलं, कुठली फरशी कमी पडली हे खडीवर स्पष्ट दिसतं, आणि तिथे चार घमेली खडी टाकून दुरुस्ती होते. वरचा थर घातल्यानंतर तीच दुरुस्ती उकरून करावी लागते. जुलै आणि ऑगस्टमध्ये दोनदा, मुसळधार पावसात आणि भरतीच्या वेळी, चालून प्रत्येक डबक्याचा फोटो खांब-क्रमांकासह ठेवा. वरचा थर नोव्हेंबरमध्ये.

त्यापुढे दरवर्षी सरासरी १ सेंमी डस्ट झिजते आणि वाहते, म्हणजे १ किलोमीटरला २४ घनमीटर, साडेआठ ब्रास. दोन गाड्यांची सोय दर नोव्हेंबरला ठेवा आणि ती रक्कम करारातच, देखभालीच्या कलमात, ब्रासच्या आकड्यासह लिहून घ्या. नुसतं "आवश्यकतेनुसार देखभाल" असं लिहिलं तर ती आवश्यकता कोणालाच वाटत नाही.